विंडोज टाकायच्या पेनड्राइव्हमध्ये ‘रिपेअर’ आहे का? फॉरमॅटला हो म्हणण्याआधी हे तपासा

कारेगाव (ता. शिरूर) : कॉम्प्युटर सुरू होत नाही म्हणून दुकानात नेला की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, “विंडोज उडालीय, फॉरमॅट मारावा लागेल.” दोन तासांत मशीन नव्यासारखं होऊन परत येतं. पण डेअरीचा हिशेब, सेवा केंद्रावर स्कॅन करून ठेवलेले कागद, फ्लेक्सवाल्याची डिझाइन, पोरांचे फोटो, यातलं सी ड्राइव्हवर जे जे होतं ते गेलेलं असतं. वास्तविक विंडोज सुरू न होणं आणि आतला डेटा खराब होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कणगीच्या खोलीचं कुलूप अडकलं म्हणून आतली ज्वारी कुणी फेकून देत नाही.

मग फॉरमॅटच का सुचवला जातो? एक कारण वेळेचं. दुरुस्तीला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही, फॉरमॅटला मात्र ठरलेला वेळ आणि ठरलेले पैसे. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. दुकानात जी ‘रेडी’ विंडोजची पेनड्राइव्ह किंवा सीडी वापरतात, तिच्यातला दुरुस्तीचा भागच अनेकदा काढून टाकलेला असतो, नाहीतर तो पडद्यावर दिसणार नाही अशी तिची बांधणी असते. तिच्यावर फक्त ‘इन्स्टॉल’ उरतं. आज याच दुसऱ्या कारणाबद्दल सविस्तर पाहू.

कस्टम विंडोज म्हणजे काय?

मायक्रोसॉफ्टकडून मिळते ती मूळ विंडोज. तिच्यात स्वतःच्या गरजेप्रमाणे भर घालून किंवा काटछाट करून जी बनते ती कस्टम विंडोज. यात मुळात वाईट काही नाही. रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपन्या शंभर कॉम्प्युटरवर एकसारखी विंडोज टाकायची तर हेच करतात. आपल्याकडचे दुकानदारही प्रिंटरचे ड्रायव्हर, आधारच्या अंगठा मशीनचे ड्रायव्हर, मराठी टायपिंगसाठी सी-डॅकचं आयएसएम किंवा मॉड्युलरचं श्रीलिपी, क्रोम, टॅली अशा गोष्टी लागतातच म्हणून त्यांची तयारी करून ठेवतात. दरवेळी एकेक टाकत बसण्यापेक्षा ते बरं. (श्रीलिपी आणि टॅलीला लायसन्स लागतं, तो वेगळा विषय.)

अडचण काटछाटीत होते. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारण आठव्या पिढीच्या पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. गावाकडचे कितीतरी कॉम्प्युटर या अटीत बसत नाहीत. मग ‘लाइट’, ‘सुपर लाइट’, ‘गेमिंग एडिशन’ अशा नावाच्या कापलेल्या विंडोज ११ फिरायला लागल्या. कापणाऱ्याला फाइल लहान करून दाखवायची असते. रिकव्हरीचा भाग काही शे एमबीचा असतो आणि रोजच्या वापरात कधी दिसत नाही, म्हणून कात्री आधी त्याच्यावर चालते. टायनी-११ हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. त्याच्या साध्या प्रकारात अपडेट वगैरे चालू राहतं. ‘कोअर’ नावाच्या प्रकारात मात्र विंडोज अपडेट आणि रिकव्हरी दोन्ही काढलेली असतात. बनवणाऱ्याने तसं स्पष्ट लिहिलेलं आहे, तो प्रकार चाचणीपुरताच आहे असंही सांगितलं आहे. आपल्याकडे तो डेअरीच्या आणि दुकानाच्या कामाच्या मशीनवर चढतो.

पेनड्राइव्हच्या आत काय असतं

हे समजलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून थोडं थांबून वाचा.

विंडोजच्या पेनड्राइव्हवर ‘सोर्सेस’ नावाचं एक फोल्डर असतं. त्यात दोन मोठ्या फाइल महत्त्वाच्या. पहिली ‘बूट डॉट विम’. पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू केल्यावर जो निळा-जांभळा पडदा येतो तो हिच्यातून येतो. ही एक छोटी, तात्पुरती विंडोजच असते. ती हार्ड डिस्कला हात न लावता मेमरीत चालते. दुरुस्तीची हत्यारं हिच्यातच ठेवलेली असतात. दुसरी फाइल ‘इन्स्टॉल डॉट विम’, काही वेळा ‘इन्स्टॉल डॉट ईएसडी’. प्रत्यक्ष मशीनवर उतरते ती विंडोज हिच्यात असते.

आता यातली मेख. इन्स्टॉलच्या फाइलच्या पोटात आणखी एक फाइल दडवलेली असते, ‘विन-आरई डॉट विम’. विंडोज बसवताना ती उचलून हार्ड डिस्कवरच्या वेगळ्या लहान पार्टिशनमध्ये ठेवली जाते. पुढे कधी मशीन दोन-तीनदा नीट सुरू झालं नाही तर ‘ऑटोमॅटिक रिपेअर’चा पडदा आपोआप येतो, तो या फाइलमुळे.

म्हणजे दुरुस्तीची सोय दोन जागी असते. एक पेनड्राइव्हवर, दुसरी मशीनवर. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये एक पाना असतो आणि घरी एक असतो, तसं. एकावर काही झालं तर दुसरी कामाला येते. कापलेल्या विंडोजमध्ये अनेकदा दोन्ही जातात.

रिपेअर हरवतो कसा

सरळ कापला म्हणून जातो, हे वर आलंच. एनटीलाइटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नको त्या भागांवरची खूण काढत गेलं की ते भाग निघून जातात. त्या यादीत रिकव्हरीही असते. यादीतलं नाव वाचून हे कशाला लागतं ते कळत नाही, मग पोरं तीही खूण काढून टाकतात.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. यात हत्यारं जागेवर असतात, पण तिथपर्यंत जायचं दार बंद असतं. विंडोज बसवताना भाषा कोणती, की कोणती, कुठल्या पार्टिशनवर, नाव काय असे प्रश्न येतात. ते टाळण्यासाठी सगळी उत्तरं आधीच एका फाइलमध्ये लिहून ती पेनड्राइव्हवर सुरुवातीलाच ठेवतात. तिचं नाव ‘ऑटोअनअटेंड डॉट एक्सएमएल’. सोयीसाठी आपण तिला उत्तरफाइल म्हणू. उत्तरं मिळाली की सेटअप प्रश्नांचे पडदे ओलांडून थेट पुढे जातो. आणि ‘रिपेअर’ हा शब्द नेमका त्याच ओलांडलेल्या पडद्यावर असतो.

इथे एक धोक्याची गोष्ट नीट लक्षात ठेवा. काही उत्तरफाइलींमध्ये ‘पहिली डिस्क पूर्ण पुसून टाक’ असाही हुकूम लिहिलेला असतो. अशी पेनड्राइव्ह दुरुस्तीच्या आशेने लावली आणि मशीन सुरू केलं, तर ती काही न विचारता डिस्क पुसायला घेते. म्हणून ओळखीच्याची ‘ऑटोमॅटिक’ पेनड्राइव्ह डेटा असलेल्या मशीनला कधीही लावू नये. आधी ती दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर उघडून बघा. वर सांगितलेल्या नावाची फाइल दिसली तर तिचं नाव बदला, नाहीतर ती दुसरीकडे हलवा. फाइल सापडली नाही की सेटअप पुन्हा प्रश्न विचारायला लागतो आणि रिपेअरचा पडदा परत येतो. फक्त बूटच्या फाइलच्या आतच उत्तरं भरलेली असतील तर हा उपाय चालत नाही, तेव्हा खात्री नसेल तर ती पेनड्राइव्ह वापरूच नका.

तिसरा प्रकार नवीन लॅपटॉपवर दिसतो. रिपेअर उघडतो, पण त्याला हार्ड डिस्कच दिसत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची व्यवस्था असते. तिचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसेल तर डिस्कची यादी रिकामी येते. ती बघून ‘डिस्क गेली, नवीन टाकावी लागेल’ असं सांगितलं जातं. डिस्क ठणठणीत असते, ड्रायव्हर नसतो इतकंच.

पाच मिनिटांची तपासणी

दुकानदाराला विचारायला संकोच करू नका. मशीन तुमचं आहे. विंडोज टाकायच्या आधी म्हणा, “भाऊ, या पेनड्राइव्हवर रिपेअर दाखवा.”

पेनड्राइव्ह लावून मशीन सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबायचं. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ-१२, एचपीला एस्केप आणि मग एफ-९. पहिला पडदा भाषेचा. नेक्स्ट केल्यावर मधोमध ‘इन्स्टॉल नाऊ’ आणि खाली डाव्या कोपऱ्यात लहान अक्षरांत ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ दिसलं पाहिजे. विंडोज ११ च्या २४-एच-२ पासून पडदा बदललाय. तिथे भाषा आणि कीबोर्ड निवडल्यावर दोन पर्याय येतात, एक विंडोज बसवण्याचा आणि दुसरा ‘रिपेअर माय पीसी’.

नुसता शब्द दिसला म्हणून थांबू नका, आत जा. ‘ट्रबलशूट’मध्ये स्टार्टअप रिपेअर, सिस्टीम रिस्टोअर, कमांड प्रॉम्प्ट ही नावं दिसली पाहिजेत. कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नोटपॅड’ टाइप करा आणि एंटर मारा. नोटपॅड उघडलं, त्यातल्या फाइल-ओपनमधून हार्ड डिस्कचे ड्राइव्ह दिसले, म्हणजे पेनड्राइव्ह कामाची. ही तपासणी करताना डिस्कवर काहीही लिहिलं जात नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त पेनड्राइव्ह उत्तरफाइलवाली नाही हे आधी बघून घ्या.

नवीन विंडोज टाकून मशीन घरी आणलं असेल तर मशीनवरची सोय तपासा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ शोधा, त्याच्यावर राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ घ्या. काळ्या चौकटीत फोनवर सांगतो तसं अक्षर-अक्षर लिहा : आर, ई, ए, जी, ई, एन, टी, सी ही आठ अक्षरं सलग, मग एक जागा सोडून स्लॅश, आणि स्लॅशला चिकटून आय, एन, एफ, ओ. एंटर. उत्तरात ‘विंडोज आरई स्टेटस’समोर ‘एनेबल्ड’ आलं तर ठीक. ‘डिसेबल्ड’ आलं तर तीच कमांड स्लॅश-इन्फोच्या जागी स्लॅश-एनेबल लिहून पुन्हा द्या. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. फाइल सापडत नाही असं उत्तर आलं, तर समजा कात्री लागलीय. त्याच आवृत्तीच्या मूळ विंडोजमधली विन-आरईची फाइल आणून सी ड्राइव्हवरच्या विंडोज, सिस्टीम-३२, रिकव्हरी या फोल्डरमध्ये ठेवावी लागेल आणि मग पुन्हा एनेबल करावं लागेल. एमएस-सीआयटी केलेल्या पोराला हे जमण्यासारखं आहे.

आणखी एक. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘सिस्टीम प्रोटेक्शन’ बऱ्याच मशीनवर बंदच असतं. ते सी ड्राइव्हसाठी चालू करा. ते चालू असेल तरच पुढे कधी ‘सिस्टीम रिस्टोअर’ला मागे जायला एखादी तारीख मिळते.

स्वतः पेनड्राइव्ह बनवणाऱ्यांसाठी

शिरूर, दौंडकडच्या दुकानांत काम करणारी अनेक पोरं हे वाचत असतील, म्हणून थोडं त्यांच्या भाषेत.

भर घाला, कापू नका. ड्रायव्हर आणि अपडेट आत घालायला मायक्रोसॉफ्टचंच डिझम नावाचं साधन आहे, त्याने विंडोज बिघडत नाही. रॅम कमी आहे म्हणून हलकी विंडोज हवी असेल तर नको असलेली अ‍ॅप काढा, पण रिकव्हरी, अपडेट आणि कंपोनंट स्टोअर या तिघांना हात लावू नका. कंपोनंट स्टोअर गेलं की बिघडलेली सिस्टीम फाइल मूळ प्रतीवरून दुरुस्त करायची सोयही जाते. रिकव्हरीचा भाग मशीन चालू असताना मेमरी खात नाही, तो डिस्कवर नुसता पडून असतो. तो काढून मशीन एका पैशानेही वेगवान होत नाही.

डिस्कचा ड्रायव्हर घालायचा तर तिन्ही जागी घाला : बूटच्या फाइलमध्ये, इन्स्टॉलच्या फाइलमध्ये आणि तिच्या पोटातल्या विन-आरईमध्ये. पहिल्या दोन ठिकाणी घालून तिसरी जागा विसरली जाते. मग विंडोज व्यवस्थित बसते आणि वर्षभराने रिपेअरच्या वेळी डिस्क दिसत नाही. बूटच्या फाइलमध्ये दोन भाग असतात, त्यातला एक जास्तीचा समजून उडवू नका.

उत्तरफाइल हवीच असेल तर तिच्यात डिस्क निवडायचं काम लिहू नका, ते माणसाने पडद्यावर बघून करावं. आणि दोन पेनड्राइव्ह ठेवा. एक तुमची ऑटोमॅटिक, नव्या किंवा रिकाम्या डिस्कसाठी. दुसरी मूळ, मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवलेली, दुरुस्तीसाठी. आठ जीबीची पेनड्राइव्ह पुरते. तिच्यावर आधी असलेलं सगळं पुसलं जातं आणि डाउनलोड काही जीबींचं आहे, त्यामुळे एका दिवसाच्या मोबाइल डेटात ते बसेलच असं नाही. पेनड्राइव्हवर रंगाने खूण करा. एकसारख्या दिसणाऱ्या दोन पेनड्राइव्ह गर्दीच्या वेळी हमखास बदलतात.

पार्टिशन करताना पाच-सातशे एमबीचं ‘रिकव्हरी’ लिहिलेलं पार्टिशन डिलीट करून जागा वाचवायची सवय सोडा. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं एक अपडेट जगभर अनेक मशीनवर अडकलं होतं, कारण हे पार्टिशन फार लहान होतं. तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते आणखी २५० एमबीने वाढवायला सांगितलं होतं. म्हणजे ते जरा ऐसपैसच ठेवा.

ब्रँडेड लॅपटॉप असेल तर अजून एक. विंडोज ८ नंतरच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये विंडोजची की बोर्डाच्या चिपमध्येच लिहिलेली असते. त्याच एडिशनची मूळ विंडोज टाकली की ती इंटरनेट मिळाल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे भरून घेतलेली खरी विंडोज काढून तिच्या जागी क्रॅक मारलेली कापीव विंडोज टाकण्यात कुणाचाच फायदा नाही. शिवाय अशा क्रॅकमध्ये काय लपलंय ते टाकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि त्याच मशीनवर लोकांचं आधार आणि बँकेचं काम चालतं.

रिपेअर असेल तर नक्की काय होतं?

स्टार्टअप रिपेअर नेहमी यश देतं असं नाही, खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते फिरून फिरून ‘जमलं नाही’ म्हणतं. पण बाकीची हत्यारं खरी कामाची आहेत. लाइट गेल्यावर अर्धवट राहिलेलं अपडेट काढता येतं. सिस्टीम रिस्टोअरने आठ दिवस मागे जाता येतं, त्यात तुमच्या फाइलींना धक्का लागत नाही. बूटची नोंद बिघडली असेल तर ती कमांडने पुन्हा लिहिता येते. यूपीएस नसलेल्या मशीनवर हा बिघाड नेहमीचा आहे.

आणि काहीच जमलं नाही तरी डेटा बाहेर काढता येतो. वर सांगितलेलं नोटपॅड त्यासाठीच. डेटा ठेवायची दुसरी पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क आधीच लावून ठेवा. कमांड प्रॉम्प्टमधून नोटपॅड, त्यात फाइल-ओपन, खाली ‘टेक्स्ट डॉक्युमेंट्स’ असतं तिथे ‘ऑल फाइल्स’ करा. आता ही चौकट साध्या फोल्डरसारखी वापरता येते. तुमचं फोल्डर शोधा, राइट क्लिक, कॉपी, मग पेनड्राइव्हवर जाऊन पेस्ट. एक लक्षात घ्या, इथे सी ड्राइव्हचं अक्षर बदललेलं असू शकतं, तुमची सी इथे डी किंवा ई म्हणून दिसेल. ‘युजर्स’ नावाचं फोल्डर ज्यात आहे आणि त्यात तुमचं नाव आहे, तो तुमचा ड्राइव्ह. कॉपी चालू असताना टक्केवारीची पट्टी दिसेलच असं नाही, चौकट गोठल्यासारखी वाटते. धीर धरा, मध्येच बंद करू नका. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स तर घ्याच, पण डेअरीचं किंवा टॅलीचं सॉफ्टवेअर आपला डेटा स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतं, ते विसरू नका. डेटाचं फोल्डर कोणतं, हे मशीन चालू असतानाच सॉफ्टवेअरवाल्याला विचारून वहीत लिहून ठेवलेलं बरं. दहा दिवसांचं दुधाचं पेमेंट तोंडावर असताना ते शोधायला वेळ नसतो.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र रिपेअर, चेकडिस्क वगैरे काहीही चालवू नका. आधी डेटा काढा. आजारी डिस्कला राबवलं की ती पूर्ण बसते.

मोठ्यांनाही हाच रस्ता

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवत असेल. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातल्या विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यावर उपाय काय होता? मशीन रिकव्हरीत किंवा सेफ मोडमध्ये न्यायचं, एका फोल्डरमधली ठरावीक फाइल डिलीट करायची, पुन्हा सुरू करायचं. फॉरमॅट नाही. ज्या मशीनवर तो पडदा उघडत होता तिथे काम काही मिनिटांचं होतं.

उलट उदाहरणही आहे. ऑक्टोबर २०२५ च्या विंडोज ११ च्या अपडेटनंतर रिकव्हरीचा पडदा यायचा, पण तिथे यूएसबीचा माउस आणि कीबोर्ड चालायचा नाही. हत्यारं समोर आणि हात बांधलेले. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला वेगळं अपडेट काढून ते दुरुस्त केलं. तेवढ्या दिवसांत ज्यांच्याकडे रिपेअर असलेली पेनड्राइव्ह होती त्यांना तिच्यावरून काम करता येत होतं, कारण ती स्वतःच्या फाइलींवर चालते. दोन जागी सोय का लागते, ते यावरून कळेल.

बिटलॉकरची की

नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचं खातं टाकून विंडोज ११ सुरू केली की डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद होते. तुम्हाला कळतही नाही. मग रिपेअरमध्ये गेल्यावर ४८ आकडी की मागितली जाते. ती नसेल तर पेनड्राइव्ह कितीही चांगली असो, डेटा उघडत नाही. ही की तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जपून ठेवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करूनही दिसते. अडचण अशी की दुकानदाराने स्वतःच्याच ईमेलने खातं उघडून दिलेलं असतं आणि की त्याच्या खात्यात जाते. लॅपटॉप घेताना खातं तुमच्या ईमेलने आणि तुमच्या मोबाइल नंबरने उघडून घ्या. आज मशीन चालू आहे तोवर की वहीत उतरवून ठेवा, लॅपटॉपच्या आतच फोटो काढून ठेवू नका.

जुन्या मशीनचं काय?

काही वजनकाट्यांवर आणि कारखान्यातल्या जुन्या मशीनजवळ अजून विंडोज एक्सपी भेटते. तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला, पण जोडलेलं यंत्र दुसऱ्या विंडोजवर चालत नाही म्हणून ती ठेवावी लागते. एक्सपीच्या सीडीत रिपेअरचं बटण आर. ते दोनदा येतं. पहिल्या पडद्यावर आर दाबलं तर रिकव्हरी कन्सोल, म्हणजे नुसती कमांड. खरा उपयोगी आर दुसरा : पहिल्या पडद्यावर एंटर, मग एफ-८ ने करार मान्य, मग जुनी विंडोज दाखवून ती रिपेअर करायची का असं विचारलं जातं, तिथे आर. यात सॉफ्टवेअर आणि फाइली जागेवर राहतात. त्या काळात एनलाइटने बनवलेल्या पूर्ण ऑटोमॅटिक सीडीत हे विचारणंच गायब व्हायचं. म्हणून एनलाइटमध्ये ‘प्रॉम्प्ट रिपेअर’ असा वेगळा पर्याय दिलेला होता. अशा मशीनची मूळ सीडी मिळत असेल तर तिची आयएसओ प्रत आजच काढून दोन ठिकाणी ठेवा, सीडीवर बुरशी आणि ओरखडे येतात.

विंडोजची कुठलीच नीट पेनड्राइव्ह हाताशी नसेल तर डेटा काढायला लिनक्सची ‘लाइव्ह’ पेनड्राइव्हही चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची बॉस लिनक्स फुकट आहे, तिच्यात मराठीही आहे. ती बसवायची नाही, ‘लाइव्ह’ निवडून नुसती चालवायची, हार्ड डिस्क उघडायची आणि फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर ओढायचं. बिटलॉकरचं कुलूप असेल तर की इथेही लागते. तिच्या पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असंही लिहिलेलं असतं, त्याच्यावर क्लिक करू नका.